कायमचं आणि अकरा महिन्यांचं

शून्य युनिट

गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीला आठवडाभर कुलूप असतं. रविवारी सकाळी डोंबिवलीहून एक निवृत्त गृहस्थ येतात. कुलूप काढतात, खिडक्या उघडतात, पंखा लावतात, पिंपातलं शिळं पाणी मोरीत ओतून नवं भरून ठेवतात. शेजारच्या वहिनी चहा आणून देतात. दुपारपर्यंत ते पेपर वाचत बसतात, गॅलरीतून जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलतात आणि निघताना एक लहानसा दिवा मुद्दाम चालू ठेवून जातात.

"मीटर फिरला पाहिजे," ते म्हणाले. "बिलात शून्य युनिट यायला लागले की मालकाचा वकील तेच घेऊन कोर्टात उभा राहतो."

त्यांचा जन्म याच खोलीतला. सहा माणसं इथे वाढली. मुलांची लग्नं झाल्यावर डोंबिवलीला फ्लॅट घेतला आणि ही खोली मागे राहिली. भाडं महिन्याला दोनशे रुपयांच्या आत. खोली सोडून देणं परवडणारं नाही, कारण इमारतीचा पुनर्विकास झाला तर त्याजागी स्वतःच्या मालकीचं घर मिळणार आहे. कुणाला भाड्याने देणंही शक्य नाही. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला की तेवढ्यावरच ताबा जाऊ शकतो. आणि सहा महिने वाजवी कारणाशिवाय खोली वापरली नाही, तरीही जाऊ शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या सोळाव्या कलमात ताबा परत मागण्याची जी कारणं आहेत, त्यांत ही दोन्ही येतात. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात असे दावे वर्षानुवर्षं चालतात. तिथे विजेची बिलं, गॅसची पुस्तकं, रेशनकार्ड आणि शेजाऱ्यांच्या साक्षी यांवरून माणूस त्या खोलीत खरोखर राहतो की नाही, हे ठरवलं जातं.

चर्नी रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, शाळा, दवाखाने, बाजार सगळं हाताशी असलेल्या जागी ही खोली आहे. तिथे रोज कुणीतरी झोपू शकलं असतं. कायद्याने ती भाडेकरूसाठी राखली आणि त्याच कायद्यामुळे ती रिकामी आहे.

संपादकांनी यंदा 'निवारा' हा विषय दिला तेव्हा माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता की इतकी घरं असताना राहायला घर का मिळत नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटी अकरा लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली होती. एकट्या मुंबईत अशी घरं साडेचार लाखांहून जास्त होती. गोव्यात तर पाचातलं एक घर रिकामं होतं. मी मुंबईत आणि गोव्यात फिरले. एका ठिकाणी भाडेकरूचं संरक्षण जुनं आणि घट्ट आहे, दुसरीकडे घरं रात्रीच्या दराने जातात. या दोन वेगळ्या गोष्टी असतील असं वाटत होतं, पण दोन्हींच्या तळाशी मालकाच्या मनातली भीती एकच निघाली.

सप्टेंबर १९४०चं भाडं

चाळीतल्या त्या दोनशे रुपयांमागे महायुद्ध आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मुंबईत माणसांचे लोंढे आले, भाडी भडकली आणि १९१८ साली सरकारने पहिल्यांदा भाड्यावर बंधन घातलं. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. मग १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने 'प्रमाण भाडं' सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून टाकलं. गिरणगाव तेव्हा पूर्ण भरात होता. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगाराला घरमालकाने मनाला येईल तेव्हा रस्त्यावर काढू नये, ही त्या कायद्यामागची भूमिका होती आणि ती रास्त होती. या कायद्याशिवाय लालबाग, परळ, गिरगाव इथला मराठी माणूस दोन पिढ्या दक्षिण मुंबईत टिकलाच नसता.

अडचण झाली ती तात्पुरती तरतूद कायमची होण्यात. कायद्याला दर काही वर्षांनी मुदतवाढ मिळत गेली आणि भाडं जागचं हललं नाही. डाळीची, सिमेंटची, गवंड्याच्या मजुरीची किंमत शंभर पटीने वाढली तरी खोलीचं भाडं १९४०च्या आकड्याला चिकटून राहिलं. १९९७च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात मनमानी आणि अवाजवी झालं आहे. त्यानंतर १९९९चा नवा कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा आहे. मात्र ती वाढ जुन्या भाड्यावर होते. शंभर रुपयांवर वर्षाला चार रुपये.

भाडं वाढत नाही आणि भाडेकरू उठत नाही, म्हटल्यावर बाजाराने आपली वाट काढली. ती वाट म्हणजे पागडी. नवा भाडेकरू घराच्या किमतीचा मोठा हिस्सा रोख मोजतो आणि भाडेपावती आपल्या नावावर करून घेतो. जुना भाडेकरू त्यातला ठरलेला भाग, बहुतेक ठिकाणी एक तृतीयांशाच्या आसपास, मालकाला देतो. हा व्यवहार अनेक दशकं बेकायदा असूनही उघडपणे चालायचा. १९९९च्या कायद्याने त्याला मान्यता दिली. तेव्हापासून पागडीचा भाडेकरू म्हणजे कागदावर भाडेकरू आणि व्यवहारात अर्धामुर्धा मालक.

काळबादेवीतल्या एका इमारतीचे मालक मला त्यांच्या तळमजल्यावरच्या पेढीत भेटले. आजोबांनी बांधलेली चार मजली इमारत आहे. त्यांनी भाड्याचं जाड रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. एकेका खोलीसमोर ऐंशी, एकशेदहा, एकशेपंचेचाळीस असे रुपये लिहिलेले होते.

"ताई, सगळ्या इमारतीचं महिन्याचं भाडं गोळा केलं तर गच्चीचं वॉटरप्रूफिंगसुद्धा होणार नाही," ते म्हणाले. "आणि लोक म्हणतात मालक दुरुस्ती करत नाहीत."

टेकू

दुरुस्ती मालकाने करायची नाही म्हटल्यावर ती सरकारवर आली. १९६९ साली त्यासाठी कायदा झाला, मुंबई बेटावरच्या मूळ शहरातल्या जुन्या खासगी इमारतींवर उपकर बसला आणि त्यातून दुरुस्ती मंडळ उभं राहिलं. पुढे ते म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात सामील झालं. सुरुवातीला उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. काही कोसळल्या, काही पाडून पुन्हा बांधल्या. आज तेरा हजारांच्या आसपास उरल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक १९४० पूर्वीच्या आहेत.

त्या पाहायच्या असतील तर पावसाळ्याच्या तोंडावर भुलेश्वर, उमरखाडी, डोंगरी या भागांतून चालावं. गॅलऱ्यांखाली लाकडी आणि लोखंडी टेकू लावलेले दिसतात. काही टेकू इतके जुने आहेत की त्यांना कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या गेल्यात. एका जिन्यात मी पायरी चढताना कठड्याला हात लावला तसा मागून एका बाईंनी घाईने आवाज दिला, "बाई, भिंतीच्या बाजूने या, कठडा धरू नका." घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या हे सांगतात.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तेहेतीस माणसं गेली. जुलै २०१९मध्ये डोंगरीत केसरबाई इमारत पडली. प्रत्येक वेळी मालक, म्हाडा, महापालिका आणि रहिवासी एकमेकांकडे बोट दाखवतात. इमारत खाली करा म्हटलं की रहिवाशांचं उत्तर ठरलेलं असतं: तात्पुरतं म्हणून संक्रमण शिबिरात गेलेले परत आले नाहीत. ते खोटं नाही. गोरेगाव, मुलुंड, कन्नमवारनगर इथल्या शिबिरांत पंचवीस-तीस वर्षं काढलेली कुटुंबं आहेत, तिथे जन्मलेली मुलं आता नोकरीला लागली आहेत. म्हणून माणूस पडकी खोली सोडत नाही. ती सोडली तर हक्क सुटेल असं त्याला वाटतं.

रहिवाशांच्या बाजूने सरकारने एक टोकाचा उपायही करून पाहिला होता. १९८६ साली म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली आणि सत्तर टक्के रहिवाशांनी एकत्र येऊन संस्था केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट भरपाई देऊन इमारत संपादन करता येईल, असं ठरलं. ऐंशी रुपये भाड्याच्या खोलीचे आठ हजार. मालकांची संघटना न्यायालयात गेली आणि तो वाद राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदापर्यंत पोचला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्तेला समाजाचं भौतिक साधन म्हणता येणार नाही. मुंबईच्या चाळींतून सुरू झालेल्या एका भांडणाने देशाचा मालमत्तेचा कायदा स्पष्ट केला, पण इतक्या वर्षांत त्या चाळींचे टेकू तसेच राहिले.

फेब्रुवारी १९७३ची आठवण

या सगळ्यातून शहराने घेतलेला धडा नव्या इमारतींमध्ये दिसतो. साठच्या-सत्तरच्या दशकापासून मुंबईत भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणं जवळजवळ थांबलं. बांधायचं ते विकण्यासाठी. १९६१ साली देशाच्या शहरांतली निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याच्या घरात होती, २०११मध्ये हे प्रमाण सत्तावीस टक्क्यांच्या आसपास आलं. भाडे कायदा हे त्याचं एकमेव कारण नव्हे. सहकारी संस्था, गृहकर्ज, करसवलती यांचाही त्यात वाटा आहे. पण जुन्या मालकांशी बोलताना एक तारीख पुन्हापुन्हा कानावर येते.

भाडेकरू ठेवला तर तो कायमचा राहील, म्हणून मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'चा मार्ग काढला होता. राहणारा भाडेकरू नव्हे, परवान्यावर राहणारा. करार संपला की त्याने जायचं. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे परवान्यावर राहत होते ते सगळे भाडेकरू मानले गेले. पाहुणे म्हणून आलेले हक्कदार झाले. त्या भाडेकरूंना आधार मिळाला, हे चांगलंच. पण ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांनी आपल्या मुलांना सांगून ठेवलं की घर रिकामं राहू दे, पण कुणाला वर्षापेक्षा जास्त ठेवू नकोस.

१९९९च्या कायद्याने ही भीती बरीच कमी केली आहे. चोविसाव्या कलमानुसार मुदत संपल्यावर परवानाधारक उठला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागू शकतो आणि तोवर दुप्पट रक्कम वसूल करू शकतो. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तरी सवय गेलेली नाही. महाराष्ट्रात कितीही मुदतीचा करार नोंदवावाच लागतो, तरी अकरा महिन्यांचाच आग्रह धरला जातो. ज्या कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा त्याहून अधिक आहे तिला हा कायदा संरक्षण देत नाही, म्हणून एजंटांच्या जाहिरातींत 'कंपनी लीजला प्राधान्य' असतं. उरलेल्यांच्या वाट्याला अनामत, महिन्याची दलाली, पोलीस पडताळणी, सोसायटीची ना-हरकत आणि आडनाव ऐकून बदलणारा सूर.

कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये मला एक जोडपं भेटलं. नवरा कुरिअरच्या गोदामात, बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मुलगी दुसरीत. लग्नानंतरचं हे त्यांचं सातवं घर. कपाट त्यांनी मुद्दाम लोखंडी घडीचं घेतलंय. "लाकडी घेतलं होतं, दोन शिफ्टिंगमध्ये त्याचे सांधे गेले," ती म्हणाली. रेशनकार्ड अजून सासूच्या गावच्या पत्त्यावर, मतदारयादीत नाव चेंबूरला, गॅस मानखुर्दला. मुलीची शाळा मात्र तिने कधी बदलू दिली नाही. दर वेळी घर शोधताना शाळेभोवती वर्तुळ काढायचं आणि त्यात जे मिळेल ते घ्यायचं. प्रत्येक नव्या करारात भाडं दहा टक्क्यांनी वर जातं. नाही म्हटलं की मालक सांगतो, "बघा मग दुसरीकडे."

गिरगावच्या काकांना न राहताही खोली मिळते आणि या बाईला राहूनही घर मिळत नाही. एकाच शहरात, एकाच कायद्याच्या छत्राखाली. भाडेकरूंच्या हक्कांबद्दल बोलताना आपण नेहमी पहिल्या माणसाचा विचार करतो, कारण तो संघटित आहे, त्याचा नगरसेवक आहे, त्याच्या बाजूने मोर्चे निघतात. दुसरी दर अकरा महिन्यांनी वॉर्ड बदलते. तिचा मोर्चा कोण काढणार?

आसगावात रात्रीच्या दराने

म्हापशाहून आसगावला जाताना रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या कुंपणभिंती आणि मधूनमधून जुनी पोर्तुगीज वळणाची घरं, समोर बलकांव, शिंपल्यांच्या खिडक्या. त्यातली कित्येक नव्याने रंगवलेली दिसतात. दारावर कुटुंबाच्या नावाऐवजी व्हिलाचं इंग्रजी नाव असतं आणि कडीच्या जागी आकडे दाबून उघडायचं कुलूप.

अशाच एका घरात मी सकाळी अकराला पोचले. पाहुणे नुकतेच गेले होते, पुढचे दोन वाजता यायचे होते. या तीन तासांत झारखंडहून आलेले दोघे तरुण आणि शेजारच्या वाड्यावरची एक बाई चार खोल्यांच्या चादरी बदलतात, बाटल्या वेगळ्या करतात, पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासतात, फ्रिज रिकामा करतात, प्रत्येक उशीवर टॉवेलची घडी ठेवून फोटो काढतात आणि मालकाला पाठवतात. मालक गुरुग्रामला. घर मुळात गावातल्या एका कुटुंबाचं. ते कुटुंब इंग्लंडात स्विंडनला. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेनुसार सगळ्या मुलांचा वाटा असतो, भावंडं चार देशांत पसरलेली, विकायला एकमत होत नाही. म्हणून घर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिलं. ज्याने घेतलं त्याने पैसे घालून ते नीट केलं आणि एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळांवर टाकलं.

घर वाचलं, हे मान्य करायला हवं. नाहीतर छप्पर खाली आलं असतं. बाईला काम मिळालं. पण ती बाई ज्या खोलीत राहते तिचं भाडं याच वाड्यावर दुपटीने वाढलं आहे, असं ती सांगत होती. दोघे तरुण कामगार सहा जणांत एका खोलीत झोपतात. पाणी टँकरने येतं, कारण तलाव भरायला नळाचं पुरत नाही.

हिशेब सरळ आहे. समजा दोन खोल्यांच्या फ्लॅटचं महिन्याचं भाडं तीस हजार येतं. तोच फ्लॅट हंगामात रात्रीला पाच हजारांनी दिला तर सहा रात्रींत तेवढे पैसे होतात. बाकीच्या रात्री रिकाम्या गेल्या तरी मालकाचं नुकसान नाही. मुंबईत घराच्या किमतीवर वर्षाकाठी दोन-तीन टक्केच भाडं सुटतं, त्यामुळे बंद ठेवलेल्या घराचंही दुःख होत नाही. गोव्यात रात्रीच्या दराने ते आणखी सोपं केलं.

पण पैशाइतकंच महत्त्वाचं दुसरं कारण मला म्हापशात कळलं. शुक्रवारच्या बाजारात चुलत्याचं मिरच्यांचं दुकान सांभाळणारे एक गृहस्थ, स्वतःचे हणजुणेला दोन फ्लॅट. आधी ते वर्षाने द्यायचे, आता पर्यटकांना देतात. "बाय, पाहुणा तीन दिवसांनी जातो," ते म्हणाले. "तो मामलेदाराकडे जात नाही."

मामलेदाराचा उल्लेख उगीच नव्हता. गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५च्या कायद्याने संरक्षण दिलं. त्याला उठवता येत नाही आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्कही मिळाला. गोव्यातल्या सामान्य माणसासाठी हा मोठा कायदा आहे. भाडं भरून राहणारा माणूस त्याखाली मुंडकार होत नाही. पण गावागावांत गोष्टी फिरतात त्या मामलेदारापुढच्या दाव्यांच्या, कलमांच्या नव्हे. त्याच्या जोडीला १९६८चा इमारती भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा आहे, आणि त्याचे दावेही वर्षानुवर्षं रेंगाळतात. रात्रीचा पाहुणा या सगळ्याच्या बाहेर राहतो. मालकाच्या नजरेत तो सगळ्यात सुरक्षित माणूस.

म्हणजे इथे दोन्ही धागे एकत्र येतात. भाडेकरूचं संरक्षण जितकं लांबलचक आणि कोर्टात अडकणारं, तितका मालक कमी मुदतीकडे सरकतो. मुंबईत तो अकरा महिन्यांवर थांबला. गोव्यात संकेतस्थळामुळे तो एका रात्रीपर्यंत पोचला.

याची किंमत कोण मोजतं ते शिवोलीत भेटलेल्या एका परिचारिकेने सांगितलं. ती दोडामार्गची. खासगी इस्पितळात नोकरी. घरमालकीण चांगली, पण अट अशी की डिसेंबरच्या मध्यावर खोली सोडायची आणि जानेवारीत परत यायचं, कारण नाताळ-नवीन वर्षाला तीच खोली पाचपट दराने जाते. दोन वर्षं तिने त्या दिवसांत सामान मैत्रिणीकडे ठेवलं आणि कदंबाच्या बसने घरून ये-जा केली. रात्रपाळी असली की इस्पितळातच झोपायची. नंतर ती पेडण्याला राहायला गेली. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तिथेही भाडी चढू लागलीत. "आता बांद्याला बघतेय," ती म्हणाली. म्हणजे पुन्हा सिंधुदुर्गात.

मालक घरात आहे का?

अल्प मुदतीच्या भाड्यालाच दोष देणं मात्र मला पटत नाही. तारकर्ली-देवबागला गेलात तर निम्म्या घरांवर निवासाची पाटी दिसते. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना, मागे कुटुंब. सकाळी घावणे आणि रात्री सुरमईचं जेवण घरातल्याच बाया करतात. पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना याच धर्तीवरची. इथे गावाने एकही राहतं घर गमावलेलं नाही. उलट मुंबईला गेलेला एखादा मुलगा परत आला.

परळला तर चित्र आणखी वेगळं. टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या गल्ल्यांत दिवसाच्या दराने खोल्या मिळतात. बंगाल, बिहार, विदर्भातून केमोथेरपीसाठी आलेली कुटुंबं तीन आठवडे राहतात, जातात, पुन्हा येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर फुटपाथ. या माणसांना अकरा महिन्यांचा करार काय करायचा? दिवसाच्या भाड्यावर सरसकट बंदी आली तर पहिला फटका त्यांना बसेल.

फरक आहे तो मालक तिथे राहतो की नाही याचा. न्यू यॉर्कने सप्टेंबर २०२३पासून हाच निकष लावला. तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी हवी, यजमान स्वतः घरात हवा आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत. यादीतली अशी घरं झपाट्याने कमी झाली. भाडी काही उतरली नाहीत, कारण त्या शहरात भाड्याच्या घरांतली जेमतेम १.४ टक्के घरंच रिकामी होती. बार्सिलोनाने तर २०२८च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांना द्यायच्या फ्लॅटचे सगळेच्या सगळे १०,१०१ परवाने संपवायचं ठरवलं आहे. गोव्यातही पर्यटन व्यापार कायद्याखाली नोंदणीची सक्ती आहे. पण नोंदणी पाहुण्यांच्या आणि कराच्या हिशेबाने होते. ते घर कालपर्यंत कुणाचं राहतं घर होतं का, आणि आता मालक तिथे राहतो का, हे त्यात कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतीने ते विचारावं आणि उत्तर नाही असेल तर घरांच्या संख्येला मर्यादा घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कचरा आणि टँकर तर पंचायतीच्याच माथी येतात.

मधली जागा

संरक्षणाने काय होतं याचा एक नीट मोजलेला पुरावा सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. १९९४मध्ये तिथल्या मतदारांनी १९८०पूर्वीच्या लहान इमारतींनाही भाडे नियंत्रण लागू केलं. स्टॅनफर्डच्या तीन अर्थतज्ज्ञांनी पुढची वर्षं तपासली. संरक्षण मिळालेले भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता दहा ते वीस टक्क्यांनी वाढली. त्याच वेळी मालकांनी इमारती पाडून किंवा फ्लॅट विकून भाड्याच्या घरांचा पुरवठा पंधरा टक्क्यांनी घटवला आणि शहरभरातलं भाडं पाच टक्क्यांनी वाढलं. म्हणजे आत असलेल्यांना मदत झाली आणि बाहेरच्यांनी तिची किंमत मोजली. गिरगाव आणि कुर्ला यांच्यातलं नातं तिथे आकड्यांत दिसतं.

यावरून संरक्षणच नको असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यातली नाही. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याने राहतात, करार सहसा बेमुदत असतो, मालकाला घर स्वतःसाठी हवं असेल तर कारण दाखवून आगाऊ नोटीस द्यावी लागते. तरीही तिथे लोक भाड्याने देण्यासाठी घरं बांधतात, कारण भाडं महागाईसोबत चालतं आणि नियम काय आहेत हे दोघांनाही आधी ठाऊक असतं. भाडं गोठवणं वेगळं आणि माणसाला टिकू देणं वेगळं. आपण १९४७ साली दोन्ही एकत्र बांधलं आणि नंतर सोडवताना दोन्ही एकदम सोडून दिलं. म्हणून आपल्याकडे एका टोकाला वंशपरंपरागत खोली आहे, दुसऱ्या टोकाला अकरा महिने आणि त्याही पलीकडे एक रात्र. मधलं काही नाही.

केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली आणि राज्यांकडे पाठवला. राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती, भाड्याचे वाद स्वतंत्र न्यायालयात, मुदतीनंतर न उठणाऱ्याकडून आधी दुप्पट आणि मग चौपट भाडं, अशा त्यातल्या तरतुदी. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही, पागडीच्या भाडेकरूंच्या रोषाची धास्ती हे त्याचं उघड कारण. जुन्या भाडेकरूंना हात न लावता नव्या करारांपुरता तो लागू करता येईल. पण त्यातही किमान मुदत नाही. मालकाची भीती तो कमी करतो, कुर्ल्याच्या बाईची मुलगी त्याच शाळेत राहील याची हमी देत नाही.

मुलुंडला एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांचा दुसरा फ्लॅट चार वर्षं बंद आहे. सोसायटी देखभाल घेते, घर भाड्याने दिलं तर सेवाशुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा शुल्क आणखी. भाड्याने का देत नाही विचारल्यावर त्यांनी लगेच अटी सांगितल्या. भाडेकरू उठला नाही तर सहा महिन्यांच्या आत निकाल हवा. भाडं दर वर्षी ठरलेल्या टक्क्याने वाढायला हवं. आणि मुलगा परदेशातून परतला तर तीन महिन्यांच्या नोटिशीवर घर मिळायला हवं. "एवढं असेल तर तीन काय, पाच वर्षं राहू देत की," त्या म्हणाल्या. "मलाही दर वर्षी नवा माणूस आणि नवी दलाली नकोच आहे."

कुर्ल्याच्या त्या बाईला मी हे फोनवर सांगितलं. तिने आधी वाढीचा टक्का विचारला. पाच म्हटल्यावर म्हणाली की आता दहा भरतोच आहोत. मग विचारलं, नोटीस शाळेच्या वर्षाच्या मध्ये येणार नाही ना, एवढं लिहून घेता येईल का.